विंच घ्यायच्या आधी बैठक बघा

प्रश्न असा आहे: "माझी २०२१ ची डिझेल थार आहे. शेत गगनबावडा रस्त्याला. पावसाळ्यात पाणंदीत दोन-तीनदा रुतलो, दर वेळी ट्रॅक्टर शोधत फिरावं लागलं. आता १२००० पौंड ओढीचं विंच (गाडीच्या पुढे बसवायचं, बॅटरीवर रोप गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं यंत्र) स्टील रोपसकट स्वस्तात मिळतंय. गावातला वेल्डर म्हणतो, पुढच्या गार्डलाच पट्ट्या मारून बसवून देतो. घेऊ का, की चांगल्या कंपनीचं ९५०० चं घेऊ?"

दादा, आधी उत्तर देतो, मग कारणं. ९५०० चं घ्या. गार्डवर बसवू नका, कुणी फुकट बसवून देत असला तरी नको. आणि विंचला जेवढे पैसे लागतील, जवळपास तेवढेच बैठक (विंच चेसिसवर धरणारी प्लेट आणि तिचे बोल्ट), केबल आणि जोडसामानासाठी बाजूला काढा. यंदा जमत नसेल तर यंदा ट्रॅक्टर बोलवा आणि विंच पुढच्या वर्षी बसवा. अर्धवट बसवलेलं विंच असण्यापेक्षा विंच नसलेलं बरं, हे मी मनापासून सांगतोय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकवीस वर्षं चेसिस आणि सस्पेन्शनची कामं करतोय. विंच बसवायला जिप्सीपासून सुरुवात केली. दोन पावसाळ्यांपूर्वी एक जीप टोचन करून माझ्याकडे आली. विंच दुसरीकडे बसवलेलं, अगदी तुमच्या वेल्डरच्या बेतासारखं. गार्डच्या दोन पाइपांवर ५ मिलीची पट्टी, भोकं ड्रिलने न पाडता गॅसने कापलेली, आणि तो गार्ड बंपरच्या ब्रॅकेटला चार ८ मिलीच्या बोल्टांनी धरलेला. ओढ पडल्यावर भोकं लांबून बदामाच्या आकाराची झाली होती. मागचे दोन बोल्ट आटे सोलून वर उपटले होते आणि अख्खा गार्ड विंचसकट पुढे कलंडला होता. कलंडताना पॉझिटिव्ह केबल पत्र्याच्या काठावर आली, वरचं रबर सोललं, तांबं पत्र्याला लागलं. त्या जागी रुपयाच्या नाण्याएवढं पत्र्याचं वितळलेलं भोक होतं. मालक बोनेटच्या शेजारी उभे होते. त्यांना काही झालं नाही. विंच मात्र ठणठणीत होतं. मोटर चालत होती, गिअर नीट, ब्रेक नीट. चूक बैठकीची होती.

म्हणून मी गिऱ्हाइकाला कागदावर एक रेघ काढून दाखवतो. झाड, झाडाचा पट्टा, शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी), हुक, रोप, ड्रम, विंचचे पाय, पायाचे बोल्ट, प्लेट, प्लेटचे बोल्ट, चेसिस. ओढ यातल्या प्रत्येकातून जाते. एकही कडी तिला चुकवू शकत नाही, आणि जी सगळ्यात कच्ची, ती आधी सुटते. १२००० चं विंच घेतलं म्हणजे या सगळ्या कड्यांवर जास्त ओढ टाकायची सोय केली. कड्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आता आकडा कसा ठरवायचा. नियम जुना आहे: भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. तुमची थार रिकामी साधारण पावणेदोन टन. चार माणसं, डिझेल, सामान, बंपर आणि खुद्द विंच धरून सव्वादोन टन धरा. त्याची दीडपट म्हणजे साधारण ३४०० किलो, पौंडात ७५००. बाजारात ८००० नंतर ९५०० येतं, म्हणजे ४३०९ किलो. ते तुम्हाला पुरून उरतं. जिम्नीचं भरलेलं वजन १५४५ किलो, तिला ६००० चालतं, ८००० निवांत. तिच्या नाकावर १२००० चं धूड ठेवलं तर पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि स्टिअरिंग जड लागतं. १२००० वाले माझ्याकडे येतात ते पिकअप आणि कॅम्परवाले, त्यांना ते शोभतं. शिवाय फार स्वस्त १२००० च्या खोक्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा ज्याचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच), ब्रेकचा सेट आणि रिमोट पाच वर्षांनीही सुटा मिळेल असं ९५०० घ्या.

खोक्यावरचा आकडा खरा असला तरी तो कुठे मिळतो हे फार थोड्या जणांना माहीत असतं. तो ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. रोपाचे थर चढत जातात तसा ड्रम जाड होतो आणि मोटरचा जोर कमी पडत जातो. रहाटाला दोर जाड गुंडाळला की ओढायला जड जातं, तसंच. एक हिशोब मांडतो. ड्रम ६४ मिली जाडीचा, रोप ९ मिलीचा, लांबी २८ मीटर. पहिल्या थरात जेमतेम साडेपाच-पावणेसहा मीटर बसतो. म्हणजे पूर्ण ४३०० किलो हवे असतील तर २२ मीटर रोप बाहेर काढलेला पाहिजे. चौथ्या थरावर तेच विंच अडीच टनांवर येतं. पाणंदीत तुम्ही रुतला आणि आंब्याचं झाड सहा मीटरवर आहे, तर विंच चौथ्या थरावरच चालतंय. तुमच्या हातात ९५०० नाही, साडेपाच हजार पौंड आहेत.

इथे लोक मोठं विंच घ्यायला धावतात. मी कप्पी घ्या म्हणतो. कप्पी झाडाला बांधली, रोप त्यातून फिरवून हुक परत गाडीच्या चेसिसवरच्या टो पॉइंटला (टोचन बांधायच्या जागेला) लावला, की दोन गोष्टी एकदम होतात. रोप १२ मीटर बाहेर गेल्यामुळे ड्रम तिसऱ्या थरावर येतो, ओढ पावणेतीन-तीन टनांच्या घरात जाते, आणि कप्पीमुळे ती दुप्पट होते. घर्षणात थोडी जाऊनही पाच टनांच्या वर हातात राहते. तेच झाड, तेच अंतर. वेग निम्मा होतो, तो होऊ द्या. आणि माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढे आहे: पाच टन गाडीला लागले तरी विंचच्या बैठकीवर त्यातले निम्मेच येतात, उरलेले टो पॉइंटवर. कप्पी बैठकीचं आयुष्य वाढवते. झाडावर मात्र पूर्ण पाच टन येतात, त्यामुळे झाड आणि पट्टा त्या मानाचा हवा.

किती ओढ लागते याचाही अंदाज ठेवा. चाकं बुडेपर्यंत रुतलेल्या गाडीला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट. आपल्याकडे पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला, तांबडा निसरडा चिखल असतो, त्यात गाडी घसरते पण सुटते. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याची नदीकाठची काळी मळी वेगळी, ती गाडी शोषून धरते. तिथे विंच लावायच्या आधी खोरं घ्या, चाकापुढची माती काढा, आणि पोटाखाली काठी घालून हवा शिरेल एवढी फट करा. पाच मिनिटांच्या खोदण्याने ओढ किती कमी होते हे एकदा बघितलं की विसरत नाही.

आता बैठक. यावर जरा थांबतो, कारण सगळं इथेच बिघडतं.

विंचच्या पायांची भोकं बहुतेक सगळ्या ९५००-१२००० च्या मॉडेलात २५४ बाय ११४ मिलीच्या मापावर असतात. त्यामुळे प्लेट आधी बनवता येते. प्लेट ६ मिलीपेक्षा कमी नको, आणि सपाट पट्टी नको. पुढचा आणि मागचा काठ दुमडलेला किंवा खालून चॅनेल दिलेला हवा. सपाट पट्टी ओढीखाली वाकते, आणि वाकली की ड्रमचे दोन्ही टोकांचे बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत, क्लच अडकायला लागतो. फ्री-स्पूलचा (ड्रम मोकळा सोडायचा) खटका कडक झाला म्हणून विंच खोलायला आणतात, आणि दोष प्लेटच्या वाकण्यात निघतो. भोकं ड्रिलनेच पाडायची किंवा लेझरवर कापून घ्यायची. शिरोली-गोकुळ शिरगावला लेझर कटिंग सहज होतं, एका प्लेटलाही नाही म्हणत नाहीत. गॅसने कापलेलं भोक दातेरी असतं आणि काठ जळून ठिसूळ होतो. तडा तिथूनच सुरू होतो.

प्लेट चेसिसला जोडताना उंचीचा विचार करा. रोप चेसिसच्या बोल्टांपासून जितका वर, तितका कलंडवणारा जोर जास्त. रोप १५ सेंटिमीटर वर आहे, पुढच्या आणि मागच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर आहे, आणि ४.३ टन ओढ आली, तर मागच्या बोल्टांना वर उपटणारा जोर सव्वातीन टनांच्या आसपास येतो. त्या जीपचे मागचे बोल्ट का उपटले, ते यात आलं. म्हणून विंच शक्य तितकं खाली आणि चेसिसच्या पातळीला बसवायचं, आणि बोल्टांच्या ओळी एकमेकींपासून लांब ठेवायच्या. नव्या गाड्यांत चेसिसच्या पुढच्या टोकाला धडकेत चेपण्यासाठी मुद्दाम ठेवलेला पातळ भाग असतो. तो ओढ घ्यायला बनवलेला नाही. ब्रॅकेट त्याच्या मागे, जाड भागापर्यंत न्यायचा. आणि तो पातळ भाग ताठ होईल अशी पट्टी त्यावर मारायची नाही, कारण एअरबॅग कधी उघडायची याचा हिशोब त्या चेपण्यावर बसवलेला असतो.

चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका. भोक पाडून बोल्टच घाला, पण चेसिस पोकळ चौकोनी असेल तर आत जाड पाइपचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, घालून त्यातून बोल्ट काढा. स्लीव्ह नसेल तर बोल्ट आवळताना दोन्ही भिंती आत चेपतात. आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याने ढिला होतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असलं पाहिजे, डोकं कोरं असेल तर तो परत पाठवा. विंचच्या पायात मात्र खोक्यातले बोल्टच वापरा, लांबी बदलू नका. टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळा. मग मी प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढतो. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, पाना घेऊन बसावं लागत नाही.

कोल्हापुरात लोखंडाचं काहीही बनवून देणारे हात गल्लोगल्ली आहेत. इथल्या फाउंड्री आणि लेथवाल्यांचा मला अभिमान आहे, माझं शिक्षण त्यांच्यातच झालं. पण बनवता येतं म्हणून अंदाजाने बनवायचं नाही. तुमचा वेल्डर चांगला असेल. त्याला वरची मापं द्या, चेसिसला बोल्टने जोडायची बैठक बनवायला सांगा. तो ती नक्की बनवेल.

गार्डचा विषय कायद्यानेही संपतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा तो भंग धरला जातो. म्हणून विंच बंपरच्या आत, बाहेर काही न डोकावता बसवणं सगळ्यात बरं. काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर दावा अडला तर तोंडी बोलण्याला किंमत नसते.

वायरिंगकडे या. ९५०० चं विंच पूर्ण ओढीला साधारण ४०० अँपिअर खातं. बारा व्होल्टला हे जवळपास पावणेपाच किलोवॅट होतात. ३५ चौरस मिलीची तांब्याची केबल वापरली, बॅटरीपासून विंचपर्यंत जायला दोन मीटर आणि यायला दोन मीटर, तर केबलमध्येच पाऊण-एक व्होल्ट जातो. पैसे वाचवायला १६ ची टाकली तर पावणेदोन व्होल्ट जातात. बॅटरीचा व्होल्टेज ओढीखाली आधीच उतरलेला असतो, त्यात हा तोटा म्हणजे मोटर जोर सोडते आणि गरम होते. मग लोक विंचला नावं ठेवतात. केबलच्या टोकाचे लग्ज हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, वर हीट स्लीव्ह चढवा. जिथे केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे नालीदार पाइप. निगेटिव्ह बॉडीच्या एखाद्या बोल्टला टेकवू नका, सरळ बॅटरीपाशी न्या. फक्त बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असेल तर जोड सेन्सरच्या पलीकडे, चेसिसच्या बाजूला द्या, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरचा बॅटरीचा हिशोब चुकतो.

आणि आयसोलेटर. बॅटरीपाशी हाताने बंद करता येईल असा मोठा कट-ऑफ स्विच लावलाच पाहिजे. ही केबल फ्यूजशिवाय गाडीच्या नाकापर्यंत जाते, धडकेत पहिली तीच चेपते. विंच वापरायचं तेव्हाच स्विच चालू करायचा. हा स्विच नसेल तर मी गाडी गॅरेजबाहेर सोडत नाही.

ओढताना इंजिन चालू आणि थोडं वर, दीड हजारापर्यंत. मिनिटभर ओढा, मग थांबा. या मोटरी सलग चालायला बनवलेल्या नसतात. मोटरवर तळहात ठेवा. हात टेकवत नसेल तर चहा प्या, पुढची ओढ नंतर.

रोपाबद्दल माझं मत सरळ आहे: सिंथेटिक घ्या. स्टील चिवट असतं, दगडावर घासलं तरी टिकतं, स्वस्तही पडतं. पण त्याची एकेक तार तुटून बाहेर काटा येतो. रोपावरून जुनं फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो काटा चामड्याच्या हातमोज्यातून तळहातात जातो. आणि ताणलेला वायररोप तुटून उलटला तर वाटेत जे असेल ते फोडतो. सिंथेटिक तुटला तर त्याच्यात तेवढा जोर साठलेला नसतो. तरीही दोन्हींवर मधोमध जाड गोणपाट किंवा डॅम्पर टाकायचाच. सिंथेटिकचे दोन शत्रू आहेत. एक उष्णता: बऱ्याच विंचात ब्रेक ड्रमच्या आत असतो, गाडी उतारावर विंचने सोडताना ड्रम तापतो आणि आतला थर कमजोर होतो. दुसरा आपला तांबडा चिखल: त्यातली कचकच पिळात शिरून आतून रोप खाते. म्हणून चिखलातून आलं की बादलीत साध्या पाण्यात खळखळून धुवा आणि सावलीत वाळवा. सिंथेटिकसाठी पुढे अॅल्युमिनियमचा गुळगुळीत हॉज (रोप ज्यातून बाहेर येतो ती खाच) हवा. स्टीलने चरे पडलेले जुने रोलर त्याच्याबरोबर वापरू नका, चऱ्यावर रोप कापला जातो.

नवा रोप दुकानातून येतो तसा सैल ठेवू नका. मोकळ्या हलक्या चढावर गाडी न्यूट्रलला ठेवून, जोडीदाराने ब्रेक हलका दाबत, ताणाखाली एकेक वेढा शेजारी शेजारी गुंडाळा. सैल गुंडाळलेल्या रोपात वरचा वेढा ओढीखाली खालच्या थरात घुसतो आणि अडकून बसतो. रोप ड्रमच्या खालच्या बाजूने निघतो ना, हेही बघा. उलटा गुंडाळला तर बहुतेक विंचांचा ब्रेक धरत नाही. ड्रमवर स्टीलचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे कायम राहिले पाहिजेत, कारण टोकाचा स्क्रू ओढ घ्यायला नसतो, रोप जागेवर ठेवायला असतो.

जोडसामानात कप्पी, ७५ मिली रुंदीचा झाडाचा पट्टा, पावणेपाच टनी दोन बो-शॅकल, डॅम्पर, हातमोजे आणि एक खोरं. पट्टा बुंध्याच्या तळाशी बांधा. रोप थेट झाडाला गुंडाळू नका, झाडाची साल जाते आणि रोपही पिळतो. आंबा, जांभूळ, ऐन यांच्या जाड बुंध्यावर विसंबता येतं. शेवगा, पांगारा नको, लाकूड पोचट. विजेच्या खांबाला कधीच नाही, तो उपटला तर तारा तुमच्या गाडीवर येतील. विहिरीच्या कठड्यालाही नाही. जिथे झाड नाही तिथे स्टेपनी: चाकाच्या मधून साखळी घेऊन ते आडव्या चरात उभं पुरा, माती तुडवून घट्ट करा. घाम निघतो, पण काम होतं. आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालायचीच नाही. तिथे रुतायची वेळ यायलाच नको.

ओढताना रोपावरून उडी मारणारा एखादा पोरगा गर्दीत असतोच. आधी त्याला लांब पाठवा. बाहेर काढलेल्या रोपाच्या लांबीइतकं अंतर सगळ्यांनी ठेवायचं, रिमोटची वायर आत घेऊन तुम्ही सीटवरून चालवायचं. हुक धरताना बोट हुकात घालू नका, हुकाला बांधलेली पट्टी धरा. ड्रमपर्यंतचा शेवटचा मीटर थांबत थांबत घ्या.

एप्रिलमध्ये काम काढा म्हणजे मे महिन्यात चाचणी होईल. पहिली चाचणी कोरड्या जागी: हलक्या चढावर, कप्पी लावून, दोन-तीन ओढी. मग खाली वाकून नटांवरच्या पांढऱ्या रेघा बघा, भोकांच्या काठचा रंग उडालाय का बघा, प्लेटवर सरळ पट्टी ठेवून फट पडते का बघा. सगळं जागच्या जागी असेल तर रोप धुऊन गुंडाळा आणि आयसोलेटर बंद करा. पावसाळाभर महिन्यातून एकदा दहा मीटर रोप बाहेर काढून परत घ्या, क्लचचा खटका दोनदा फिरवा. सोलेनॉइडचे पॉइंट आणि क्लच चिखलापेक्षा नुसतं पडून राहिल्याने जास्त धरतात. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी विंच वापरू नका, आधी बोल्ट काढून भोक बघा.